लाट आधी की बाटली?

समोर पडद्यावर लंबगोल चमकून जातात, एकामागून एक, जांभई येईपर्यंत. मध्येच एखाद्या लंबगोलाला नाक आणि एकच कान फुटलेला दिसतो. हे वरून पाहिलेलं डोकं. कान डावा की उजवा, ते ओळखून बटण दाबायचं. नाक खाली असलं की डावं-उजवं उलटतं आणि पोरगं घोटाळतं. त्याच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावलेले असतात आणि नेमक्या त्या घडीला मेंदूत उठणारी लाट कागदावर उतरते.

तिचं नाव पी-३००. पी म्हणजे पॉझिटिव्ह, ३०० म्हणजे चित्र दिसल्यापासूनचे मिलिसेकंद. नावावर जाऊ नये. काम अवघड असलं तर बाई चारशेच्याही पुढे रेंगाळतात.

येनाच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली. पुढच्या प्रयोगांत त्यांनी स्वतःच्या मुलालाही बसवलं. पण ही लाट त्या सळसळीत बुडून जाते. अनेक नोंदींची सरासरी काढली, तरच वर येते. ती हाती लागली १९६५ साली, अमेरिकेत सॅम्युअल सटन आणि सहकाऱ्यांना. दारूचा तिथे वाससुद्धा नव्हता. आता आवाज येणार की उजेड, हे माणसाला आधी ठाऊक नसलं की लाट उंच उठते, एवढंच त्यांना दिसलं.

दारूशी सोयरीक जुळली ती ब्रुकलिनमध्ये. मद्यप्यांची लाट ठेंगणी असते आणि दारू सोडलेल्यांतही ती ठेंगणीच राहते, हे हेन्री बेग्लायटर आणि बर्निस पोर्जेझ पाहत होते. दारूनं मेंदू बिघडवला, हे उत्तर सोपं होतं. त्यांनी प्रश्न उलटा केला: ती आधीपासूनच ठेंगणी असेल तर? मग मद्यपी बापांचे, पण स्वतः थेंबही न चाखलेले ७ ते १३ वर्षांचे २५ मुलगे घेतले, तुलनेला दुसरे २५, आणि सगळ्यांपुढे तो लंबगोलांचा खेळ मांडला. १९८४ साली निकाल छापून आला. मद्यप्यांच्या मुलांची लाट बुटकी होती. १९९५ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेतूनही मद्यप्यांच्या नात्यातल्या पुरुषांबद्दल असाच निष्कर्ष आला.

पुढे या लाटेचं गोत्र फारच फैलावलं. अतिचंचल मुलं, बेफाम वागणारी मुलं, स्किझोफ्रेनियाचे रुग्ण, सगळ्यांकडे ती ठेंगणी सापडू लागली. दारूपेक्षा, आवर घालण्यातल्या कमतरतेशीच तिचं नातं जवळचं असावं, असं मला वाटतं. शिवाय मद्यप्यांच्या आणि इतरांच्या मुलांची मापं एकमेकांत इतकी मिसळतात, की एका मुलाचा आलेख पाहून त्याचा बाप पितो की नाही, तेसुद्धा सांगता येत नाही.