परक्या पोलादाचे संग्रहालय

भिलाईत राहणाऱ्याला पोलादाचे अप्रूप नसते. आमचे पोलाद रूळ होऊन देशभर जाते. धावून झाल्यावर कायमचे थांबलेले पोलाद मी पाहिले ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथले रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झाले.

नगरचे आणि युद्धाच्या धातूचे नाते जुनेच. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरला ओतली गेली, निजामशाहीच्या चाकरीतल्या महंमद बिन हुसेन रूमी या तुर्काच्या देखरेखीखाली. म्हणजे कसब तेव्हाही बाहेरून आलेले होते.

छायाचित्रे घेत फिरताना तेच पुन्हा जाणवते. माटिल्डा, व्हॅलेंटाईन आणि चर्चिल ब्रिटिश, एएमएक्स-१३ फ्रेंच, पॅटन अमेरिकी. प्रत्येकाचे माहेर वेगळे. पॅटनपाशी मी बराच वेळ थांबलो. उभ्याने टिपला तर तो नुसता अवजड दिसतो. गुडघे टेकून टिपला की त्याची उंची आभाळात चढते. उसात दडून नेम धरणाऱ्याला तो असाच दिसला असेल.

सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तरला शेतांत पाणी सोडलेले होते. पाकिस्तानचे पॅटन त्या चिखलात रुतले. जीपवरच्या तोफेने पॅटन फोडणारे अब्दुल हमीद १० सप्टेंबरला तिथेच धारातीर्थी पडले. आपल्या बाजूने लढले सेंच्युरियन, शर्मन आणि एएमएक्स-१३. तेही परकेच.

मे १९५४ मध्ये पाकिस्तानने अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार केला. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारताने भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी. एकाने रणगाडे घेतले, दुसऱ्याने भट्टी, असे म्हणायचा मोह आम्हा भिलाईकरांना होतो. पण ते अर्धेच खरे. त्याच दशकात भारतानेही सेंच्युरियन विकत घेतले होते. फरक पुढे पडला. विकर्स या ब्रिटिश कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळ आवडीला विजयंत बनू लागला. आराखडा उसना, पण हात इथले. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, तीही अशीच.

मात्र रणगाडा कुठे बनला, यावर लढाईचा हिशेब संपत नाही. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेंच्युरियनमध्येच होते. रणगाडा पेटल्यावर तो सोडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, म्हणून ते उतरले नाहीत. वय २१. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

माझ्या चित्रांत चिलखताची जाडी दिसते, आतली अडचणीची जागा दिसत नाही. म्हणून कुणाला ती दाखवताना मी नावापाठोपाठ आतल्या माणसांची संख्याही सांगतो. सेंच्युरियन: चार.