करंगळीचं बटण

आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो परभणीच्या उरुसातून. तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. १९९९ साली गंगाखेडजवळच्या आमच्या गावातून माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, तिथे गेला आणि येताना बगलेत एक खोका घेऊन आला. आत एक डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो गेम लिहिलेले. प्रत्यक्षात कॉन्ट्रा, मारिओ आणि रणगाड्यांचा गेम, तेच फिरून फिरून.

तो डबा जपानच्या फॅमिकॉमची नक्कल होता, हे मला फार उशिरा कळलं. निन्टेन्डोने मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणला. त्याच जातीचे डबे भारतात समुराई, मीडिया अशा नावांनी आले, आणि जत्रांमध्ये बिननावाचेही. फॅमिकॉमच्या रिमोटवर डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण असतं. ते गुनपेई योकोई यांनी १९८२च्या एका खिशात मावणाऱ्या गेमसाठी आणलं होतं. डाव्या अंगठ्याने दिशा, उजव्या अंगठ्याने उडी आणि गोळी. म्हणजे हा रिमोट खेळणाऱ्याला दोन अंगठे आहेत असं धरूनच चालतो.

दादाला होते, तोवर गावात त्याच्यासारखा कॉन्ट्रा कोणी खेळत नव्हतं. २००८ साली कडबाकुट्टीत त्याचा उजवा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पुढे तो डाव्या हाताने सही करायला शिकला, मोटरसायकल चालवायला लागला. गेमला मात्र त्याने परत हात लावला नाही. खोका माळ्यावर गेला.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी तो खाली काढला. पुतणी खेळायची आणि दादा शेजारी बसून सांगायचा, ‘आता उडी मार, आता मार.’ त्याचा उजवा हात तेवढा वेळ मांडीखाली असायचा. तेव्हा मी हाताने चालणाऱ्या गेमबद्दल वाचायला लागलो आणि पॉवर ग्लोव्हपाशी पोचलो.

बोटं वाकवून यंत्राला हुकूम देण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १९७७ साली शिकागोत डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी रिचर्ड सेअर यांच्या कल्पनेवरून एक हातमोजा बनवला. त्याच्या बोटांवर लवचीक नळ्या होत्या. नळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा भाग. बोट वाकलं की पलीकडे उजेड कमी पोचायचा. पुढे थॉमस झिमरमन यांना गिटार हातात न घेता हवेतच वाजवायची होती, म्हणून त्यांनीही असाच हातमोजा केला. जॅरन लॅनिअर यांच्या कंपनीतून तो डेटाग्लोव्ह म्हणून बाहेर पडला. किंमत हजारो डॉलर. गिऱ्हाईक म्हणजे संशोधन संस्था.

१९८९ साली मॅटेल कंपनीने हीच कल्पना निन्टेन्डो खेळणाऱ्या पोरांसाठी शंभरेक डॉलरच्या आत बसवली. काचेच्या तंतूंऐवजी बोटांवर वीज वाहणाऱ्या शाईच्या पट्ट्या आल्या. पट्टी वाकली की तिचा विरोध बदलतो आणि त्यावरून बोट किती मिटलंय ते कळतं. हात कुठे आहे हे कळायला टीव्हीभोवती तीन छोटे कान लावायचे. हातमोज्यातून निघणारा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज ते टिपायचे.

जाहिरात जोरात झाली, पण वस्तू वर्षभरच टिकली. खास तिच्यासाठी बनलेले गेम दोनच. बाकी सगळे गेम अंगठ्यांसाठी रचलेले. ते खेळायचे तर मनगटावरच्या बटणांनी आकडे टाकायचे आणि हवेत हात हलवून मारिओला उडी मारायला लावायची. जे काम अंगठा सहज करत होता, तेच आता अख्खा हात अवघड करून करत होता.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. पॉवर ग्लोव्ह अंगठा आणि तीन बोटं मोजायचा. करंगळी त्याने सोडून दिली होती.

मग मी दादासाठी ग्लोव्ह करायला घेतला. दुकानं बंद, त्यामुळे जे काही वापरायचं ते घरातलंच. आपला डबा सेकंदाला पन्नास-साठ वेळा रिमोटला विचारतो की आठांपैकी कोणती बटणं दाबलेली आहेत. रिमोटमधली चिप आठ उत्तरं एकामागोमाग एक पाठवते. मूळ रिमोटमध्ये हे काम ४०२१ नावाची चिप करते, आमच्यात तो नुसता काळा ठिपका होता. बटण दाबलं की दोन पत्रे जोडले जातात, एवढंच ती बघते. ते पत्रे रबराने जोडले की बोटाने, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

म्हणून रिमोट उघडून तीन वायरी डकवल्या. पुढे काय लावायचं? आधी ॲल्युमिनिअमची फॉइल घेतली, पण तिला सोल्डर धरेना. शेवटी आईच्या शिवणाच्या डब्यातली पितळी टिचबटणं मिळाली. गाडी चालवायचा सुती हातमोजा घेतला, अंगठा आणि पहिलं बोट कापून शिवून टाकलं. तळव्यावर एक वायर, मधल्या बोटावर उडी, चौथ्यावर गोळी. बोट मिटून तळव्याला लावलं की बटण दाबलं. दिशा डाव्या अंगठ्याने, रिमोटवरच.

‘कशाला डोकं लावायलास?’ दादा म्हणाला, पण हात पुढे केला.

पहिल्या दिवशी गडबड झाली. मधलं बोट मिटलं की चौथंही ओढलं जायचं. या दोन बोटांना एकमेकांवाचून हलणं अवघड जातं. त्यामुळे उडी मारली की गोळीही सुटायची. दादानेच तोडगा काढला, ‘हे सोड. करंगळीला लाव.’ गोळीची वायर करंगळीवर नेली. तीही सारखी उघडमीट करून दुखायला लागली. आमच्या रिमोटवर टर्बोची बटणं होती, धरून ठेवली की आपोआप गोळ्या सुटतात. करंगळीची वायर तिथे जोडली.

त्या रात्री दादा कॉन्ट्राच्या धबधब्यापर्यंत पोचला. मध्ये लाइट गेली. आली तसा पुन्हा पहिल्यापासून खेळला.

मॅटेलला एक हातमोजा लाखो हातांसाठी करायचा होता, मला एकाच हातासाठी. माझं काम सोपं होतं ते त्यामुळे. सकाळी पुतणीने तो घालून पाहिला. अंगठ्याला आत जागाच नव्हती. ‘मला येतच नाही,’ ती चिडून म्हणाली.

‘तुझा तिकडं हाय की,’ दादा दुसऱ्या रिमोटकडे बोट दाखवत म्हणाला.