गोमुख एक, उतार दोन : पेटंट परीक्षकांची आकडेवारी आणि बॅटरीचे अर्ज



आज सकाळी जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात जाऊन आलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या तिथे एकाच गोमुखातून निघतात, अशी आपली श्रद्धा आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी भूगोल राहतोच. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते, वाई-सांगली करत पार बंगालच्या उपसागराला जाते. पाऊस तोच असतो. थेंब कड्याच्या कुठल्या बाजूला पडला, एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो.

आजचा विषय या थेंबासारखाच आहे. सातारा भागात बॅटरीवर काम करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरने मला मध्यंतरी विचारलं, "सर, अमेरिकेत प्रत्येक पेटंट परीक्षकाने किती अर्ज मंजूर केले, याचे आकडे मिळतात. ते बघून अर्ज आखावा असं सल्लागार म्हणतात. माझ्याकडे पैसे एकाच परदेशी अर्जापुरते आहेत. हे आकडे वापरणं शहाणपणाचं की लबाडीचं?" मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पेटंटचा वकील नव्हे. पण प्रश्न चांगला होता. आणि त्याचं उत्तर इतिहासात शिरल्याशिवाय सापडत नाही, असं माझ्या लक्षात आलं.

मुळात हा परीक्षक आला कुठून? अमेरिकेत १७९० च्या पहिल्या कायद्यानुसार अर्ज तपासायला मंत्र्यांचंच मंडळ होतं. त्यात खुद्द थॉमस जेफरसन होते. मंत्र्यांना एवढा वेळ कुठला! १७९३ मध्ये तपासणी काढून टाकली, नुसती नोंदणी ठेवली. मग कुणीही काहीही नोंदवू लागलं आणि भांडणं कोर्टात जाऊ लागली. शेवटी १८३६ मध्ये पगारी, जाणकार परीक्षक नेमायची पद्धत आली. आपल्याकडे पहिला कायदा १८५६ चा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याचे इंजिनिअर जॉर्ज डी पेनिंग यांचा होता, आणि तो होता पंखा ओढायच्या यंत्राचा! ज्या साहेबांना उन्हाळ्यात इथे माल्कम पेठेत येऊन राहणं परवडत होतं, त्यांचं भागत होतं. बाकीच्यांसाठी पंखा.

म्हणजे परीक्षक नेमला तो दैवावरचा भार कमी व्हावा म्हणून. पण माणूस नेमला की माणसाचा स्वभावही आला, बरं का. १४ फेब्रुवारी १८७६ चं उदाहरण घ्या. टेलिफोनसाठी ग्रॅहम बेल यांचा अर्ज आणि एलिशा ग्रे यांची पूर्वसूचना एकाच दिवशी वॉशिंग्टनच्या कार्यालयात दाखल झाली. दोन्ही कागद झीनस विल्बर नावाच्या परीक्षकाकडे गेले. ७ मार्चला बेल यांना पेटंट मिळालं. दहा वर्षांनी, १८८६ मध्ये, याच विल्बरने शपथपत्र दिलं की आपण दारूच्या आहारी गेलो होतो, बेल यांच्या वकिलाचे पैसे लागत होतो, आणि ग्रे यांचा कागद आपण बेल यांना दाखवला. बेल यांनी हे साफ नाकारलं. शिवाय विल्बरची आधीची शपथपत्रं याच्या उलट होती, त्यामुळे खरं-खोटं आजही वादात आहे. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की शिक्क्यामागे एक हात असतो, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

आता नवीन काय घडलं? हात मोजता येऊ लागला. अमेरिकी कार्यालयाच्या नोंदी संगणकावर खुल्या झाल्या आणि अभ्यासकांनी हिशेब मांडायला सुरुवात केली. २००२ मध्ये कॉकबर्न, कॉर्टम आणि स्टर्न यांनी सगळे परीक्षक सारखे असतात का, असा सरळ प्रश्न विचारला. उत्तर आलं, नाही. २०१२ मध्ये लेम्ली आणि संपत यांनी दाखवलं की परीक्षक जितका अनुभवी, तितका तो आधीच्या ज्ञानाचे दाखले कमी देतो आणि मंजुरी जास्त देतो. आपल्याला वाटेल, मुरलेला माणूस कडक असणार. निघालं उलटं.

याने फरक किती पडतो? फार्रे-मेन्सा, हेगडे आणि युंगक्विस्ट या तिघांनी नवउद्योगांचे पहिले अर्ज अभ्यासले. अर्ज मऊ परीक्षकाकडे जाणं की कडक परीक्षकाकडे, हे जवळजवळ सोडतीसारखं असतं, याचा त्यांनी उपयोग करून घेतला. ज्यांना पहिलं पेटंट मिळालं, त्यांच्या रोजगारातली वाढ पाच वर्षांनी सरासरी ५५ टक्के जास्त आणि विक्रीतली वाढ ८० टक्के जास्त निघाली. थेंब कुठल्या उतारावर पडला, यावर कुणाचा तरी कारखाना उभा राहतो किंवा राहत नाही. म्हणून त्या मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

बॅटरीच्या बाबतीत हा उतार कसा ठरतो ते बघा. परीक्षक आपल्याला निवडता येत नाही. पण अर्ज कुठल्या विभागात जाणार, हे आपण दावा कशावर करतो यावरून ठरतं. समजा तुमची सोडियम-आयन बॅटरी आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर संस्थेच्या शास्त्रज्ञांसोबत केलेलं असं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं, म्हणजे ही गोष्ट आपल्या दारातली आहे. तुम्ही इलेक्ट्रोडच्या पदार्थावर किंवा घटाच्या रचनेवर दावा केलात, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो 'एच ०१ एम' मध्ये जातो आणि रसायनवाल्यांच्या टेबलावर पडतो. तीच बॅटरी चार्ज करायच्या सर्किटवर दावा केलात तर 'एच ०२ जे', विजेवाले. गाडी चालवण्यातल्या वापरावर केलात तर 'बी ६० एल', वाहनवाले. गोमुख एकच, पण पाणी तीन वाटांनी जातं. सल्लागार आकडे वापरतात ते आधी इथे. मग परीक्षकाचं नाव कळलं की दुसऱ्यांदा वापरतात. याच्याशी समक्ष बोलल्याने काम होतं का? याच्याविरुद्ध अपील टिकतं का? की आणखी खर्च न करता थांबावं?

यात लबाडी कुठे आहे? मला विचाराल तर, इथपर्यंत नाही. जे खरोखर शोधलं आहे, त्याच्या तीन खऱ्या बाजू असतील तर कुठली बाजू पुढे करायची हे ठरवायचा तुम्हाला हक्क आहे. मात्र शोध आहे पदार्थाचा, आणि कडक परीक्षक टाळायला तुम्ही तो सर्किटचा म्हणून मांडलात, तर सोपं पेटंट मिळेल, पण भलत्याच गोष्टीचं. तुमचा पदार्थ शेजारचा उचलून नेईल आणि तुम्ही सर्किटचा कागद घेऊन बसाल.

दुसरं, आकड्यांचा अर्थ. समजा एका परीक्षकाने वीसपैकी अठरा अर्ज मंजूर केले आणि दुसऱ्याने वीसपैकी सहा. पहिला मऊ, दुसरा कडक? थांबा. पहिल्याकडे मोठ्या कंपन्यांचे घासूनपुसून लिहिलेले अर्ज आले असतील. दुसऱ्याकडे गर्दीच्या क्षेत्रातले आले असतील, जिथे नवं म्हणावं असं फार थोडं उरलं आहे. शिवाय वीस ही संख्या ती केवढी! आणि जे अर्ज कंटाळून सोडून दिले गेले ते कुठल्या खात्यात धरले, हे विचारल्याशिवाय टक्केवारीला हात लावू नये. सरासरी समूहाबद्दल बोलते. तुमच्या अर्जाबद्दल ती काहीच वचन देत नाही.

तिसरं, भारत म्हणजे अमेरिका नव्हे. आपल्या १९७० च्या कायद्यात परीक्षक अहवाल देतो आणि निर्णय कंट्रोलर करतो. म्हणजे एका माणसाचा आकडा धरून चालत नाही, जोडी बघावी लागते. याहून मोठी गोष्ट कलम ५९ ची. आपल्याकडे दावा मागाहून आकसता येतो, रुंदावता येत नाही. अमेरिकेत आधी अरुंद दावा पदरात पाडून घ्यायचा आणि त्याच अर्जाला पुढचा अर्ज जोडून रुंद दाव्यासाठी झगडायचं, ही चाल चालते. ती इथे जशीच्या तशी आणलीत तर दार कायमचं बंद होईल. इथे पहिल्या दिवशीच पुरेसा रुंद दावा लिहावा, आणि मागे सरकायला पायऱ्या ठेवाव्यात.

आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मंजुरी म्हणजे शेवट नव्हे. हळदीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने जुने छापील दाखले गोळा करून फेरतपासणी मागितली आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपण ही कथा विजयाची म्हणून सांगतो, ती आहेच. पण परीक्षकाच्या बाजूने बघा. तो दुष्ट नव्हता. आपल्या आजीला जे ठाऊक होतं, ते त्याच्या टेबलावर नव्हतं. टेबलावर जे नसतं त्यावर मिळालेली मंजुरी कच्ची असते. मऊ परीक्षक शोधून मिळवलेलं पेटंट असंच कच्चं राहू शकतं, कारण पुढे ते कोर्टात तपासणारा न्यायाधीश तुमच्या आकडेवारीत नसतो.

याच्या उलट टोकाची एक गोष्ट बॅटरीच्याच इतिहासातली. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा इलेक्ट्रोड शोधला. आज आपल्या खिशातले फोन ज्या बॅटरीवर चालतात, तिचा हा पाया. विद्यापीठाने पेटंट घ्यायला नकार दिला. शेवटी हारवेलच्या सरकारी अणुसंशोधन संस्थेने ते घेतलं आणि गुडइनफ यांना आपले हक्क सोडून द्यावे लागले. १९९१ मध्ये सोनीने बॅटरी बाजारात आणली. २०१९ मध्ये गुडइनफ यांना नोबेल मिळालं, पण त्या शोधाच्या पेटंटचा पैसा त्यांना मिळाला नाही. तेव्हा आकडे घोकत बसण्याआधी पहिला प्रश्न हा, की अर्ज कुणाच्या नावाने, आणि वेळेवर पडतो आहे का?

त्या मुलाला मी शेवटी काय सांगितलं? म्हटलं, आकडे जरूर बघ. पण परीक्षकाला फासा समजून नको, वाचक समजून बघ. तो कशावर अडतो, कुठले दाखले काढतो, कशाने त्याचं समाधान होतं, हे त्याच्या जुन्या अहवालांतून वाच आणि त्या शंकांची उत्तरं अर्जातच लिहून ठेव, प्रयोगाच्या आकड्यांसकट. मग तो मऊ निघाला तरी तुझं पेटंट पक्कं असेल, आणि कडक निघाला तरी तुझ्याकडे बोलायला काहीतरी असेल.

थेंब कुठे पडावा हे आपल्या हातात पूर्णपणे कधीच नसतं. पण याच डोंगरांतून पूर्वेला उतरणाऱ्या कोयनेचं पाणी आपण धरण बांधून बोगद्यांनी पश्चिमेकडे वळवलं आणि त्यावर वीज केली. उतार ओळखणारा माणूस एवढं करू शकतो. पण त्यासाठी धरणात आधी पाणी असावं लागतं.

आता प्रश्न विचारा.