वऱ्हाडचा कापूस, परक्याची आगबोट

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबपासून समुद्र शेकडो मैल लांब. तरीही एकोणिसाव्या शतकात या भागातल्या काळ्या रानात पिकणाऱ्या कापसाचं नशीब समुद्राशी बांधलं गेलं.

आधी वऱ्हाडची रुई पश्चिमेला फारशी जातच नसे. बंजाऱ्यांचे तांडे ती बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला नेत. वाटेत पावसानं गाठलं की माल भिजून जड व्हायचा आणि बैल चिखलात बसायचे. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी ५०० बैलांवर १,२०,००० पौंड रुई मुंबईला धाडली आणि वाट बदलली.

पुढचं सारं झपाट्यानं घडलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं (१८६१-६५) इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा कापूसपुरवठा तुटला आणि भाव कडाडले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. आता दारव्ह्याकडच्या बैलगाड्यांना मूर्तिजापूर स्टेशन गाठलं की पुरे होतं. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. तांबड्या समुद्रातल्या वाऱ्यांपुढे शिडाच्या जहाजांचा निभाव लागत नसे, त्यामुळे ही जवळची वाट आगबोटींच्या, म्हणजे मुख्यतः इंग्रज कंपन्यांच्या हाती गेली.

जहाजं बांधणं इथल्या माणसांना जमत नव्हतं, असं मुळीच नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात तरंगतं आहे. पण कारागिरी वेगळी आणि भाडं ठरवण्याची ताकद वेगळी.

ती ताकद जमशेटजी टाटांना चांगलीच ठाऊक होती. १८७७ पासून त्यांची एम्प्रेस मिल नागपुरात सूत काढत होती आणि मुंबईहून चीन-जपानला माल न्यायचा तर पी. अँड ओ. ही इंग्रज आगबोट कंपनी आणि तिच्या जोडीदार कंपन्या मागतील ते भाडं मोजावं लागे. १८९३ मध्ये टाटा जपानला गेले. तिथल्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीनं साथ द्यायचं कबूल केलं, पण अट घातली: जोखीम निम्मी तुमची. मग ‘टाटा लाइन’ निघाली. तिची ‘ॲनी बॅरो’ ही बोटसुद्धा भाड्यानं घेतलेली आणि इंग्रजांचीच, हा त्यातला विनोद.

पी. अँड ओ.नं टनामागे १९ रुपयांचं भाडं दीड रुपयावर आणलं. पुढे जपानला जाणारा कापूस फुकट न्यायचीही तयारी दाखवली. प्रतिस्पर्ध्यांकडे न फिरकणाऱ्यांना सूट वेगळी. मुंबईचे व्यापारी त्या सवलतींकडे वळले आणि टाटांना लवकरच माघार घ्यावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिथल्या गिरणीवाल्यांनी आपला कापूस तिच्याच बोटींतून आणायचं ठरवलं होतं. टाटांना हरवलं ते पी. अँड ओ.च्या पैशानं, तितकंच घरच्यांच्या हिशेबीपणानं.

टाटांनंतर हेच पुन्हा घडलं. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. सिंदियालाही दरयुद्धानंच गाठलं. इंग्रज कंपन्यांशी झालेल्या १९२३ च्या करारानुसार तिला दहा वर्षं देशी किनाऱ्यापुरतंच राहावं लागलं.