गादी आणि गारदी

इतिहास म्हटलं की आपल्या पोरांच्या कपाळाला आठ्या पडतात. राजे, लढाया, सनावळ्या. कोण कुणाच्या पाठीत सुरा खुपसून गादीवर बसला, याच्याशी आपल्याला काय करायचंय? मी म्हणतो, करायचंय. गादीची मारामारी कशी चालते हे ज्याला कळत नाही, तो दुसऱ्याच्या गादीसाठी फुकट मरतो.

रोमच्या बादशहांचं ऐका. त्यांच्या रक्षणाला प्रिटोरियन नावाची खास फौज होती. इसवी सन ४१ मध्ये याच फौजेतल्या लोकांनी कॅलिगुला बादशहाला भोसकलं आणि पडद्याआड लपलेल्या त्याच्या चुलत्याला, क्लॉडियसला, ओढून काढून बादशहा केलं. त्यानं शिपाईगणिक रोख पैसे मोजले. १९३ साली तर हद्द झाली. पर्टिनॅक्स बादशहाचा मुडदा पाडून या फौजेनं साम्राज्याचा लिलाव पुकारला. डिडियस ज्युलियानस नावाच्या श्रीमंतानं जास्त बोली लावली आणि गादी घेतली. दोन महिने टिकला, मग त्यालाही मारलं. ज्याच्या हातात पहारा आणि ज्याच्या थैलीत पैसा, त्याचं तख्त. बाकी सगळा देखावा.

आता कुणी म्हणेल, रोम लांब राहिलं. मग पुण्यात या.

सातारच्या छत्रपतींना नावापुरतं ठेवून सत्ता पुण्यात पेशव्याच्या हातात आलेली. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. शनिवारवाड्यात सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं घुसली. गारदी म्हणजे वाड्याच्या पहाऱ्यावरचे भाडोत्री शिपाई. थकलेला पगार मागायला आलो, असा त्यांचा बहाणा. नारायणराव पेशवा जेमतेम अठरा वर्षांचा. तो पळत चुलत्याकडे गेला आणि त्याच्या कमरेला मिठी मारून 'वाचवा' म्हणून रडला. चुलता रघुनाथराव. त्याला गादी हवी होती. पोराला त्याच्या समोर तोडलं. त्या धुमाकुळात वाड्यातली आणखी माणसं मेली. त्यात दोन दासीही होत्या. शाळेच्या पुस्तकात मला त्या दासींची नावं सापडली नाहीत.

शाळेत आम्हाला काय शिकवलं? आनंदीबाईनं 'ध'चा 'मा' केला. 'धरावे'चं 'मारावे' केलं. ही दंतकथा आहे, पण ती किती सोयीची आहे बघा. चिठ्ठीतलं एक अक्षर आणि एक बाई, एवढ्यात सगळं आटोपलं. गादीची हाव सुटली, पैशाची बोली सुटली, पहारा विकत घेता येतो हेही सुटलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र चौकशी केली आणि रघुनाथरावाला दोषी ठरवलं. त्या माणसाला त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण शास्त्र्याच्या निकालानं गादी हलत नसते. ती हलवली बारभाईंनी, म्हणजे सखाराम बापू, नाना फडणीस आणि त्यांच्या जोडीदारांनी. नारायणरावाच्या बायकोला, गंगाबाईला, एप्रिल १७७४ मध्ये मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या पोराच्या नावानं साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आणली आणि कारभार यांनी हातात घेतला.

मग रघुनाथरावानं काय केलं? इथं आपल्या दिघ्याचा संबंध येतो. मी गिरणीतून पाळी संपवून येतो तेव्हा खाडीपलीकडे ठाणं दिसतं. हा पलीकडचा मुलूख म्हणजे जुनी साष्टी. मराठ्यांनी १७३७ साली ती पोर्तुगीजांकडून जिंकली होती. घरात भांडण लागलंय हे बघून डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुढं मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात रघुनाथरावानं साष्टी आणि वसई त्यांना लिहूनच दिली. बदल्यात काय, तर २५०० फौज, आणि तिचा खर्चही यानंच द्यायचा. त्यासाठी सहा लाखांचं जवाहीर गहाण. साष्टीतला कोळी, आगरी, कुणबी, महार कुणाला पुसलं होतं का? रोमला निदान लिलाव तरी पुकारला. इथं गुपचूप कागद झाला. १७८२ च्या सालबाईच्या तहात रघुनाथरावाला पेन्शन मिळाली. गादी त्याला मिळालीच नाही, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

त्याचा पोरगा दुसरा बाजीराव १७९६ साली पेशवा झाला. बापाच्या वरताण. १८०१ मध्ये विठोजी होळकराला त्यानं पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्या वर्षी विठोजीचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन आला. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरपाशी त्यानं शिंदे आणि पेशवा दोघांना झोडपलं. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला इंग्रजांशी तह केला. इंग्रजी पलटणी कायमच्या उरावर बसवून घेतल्या. त्यांच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. बापानं गारदी आणले होते. पोरानं आणलेले गारदी टोपीवाले होते, आणि ते परत जाणारे नव्हते.

या बाजीरावाचा लाडका त्रिंबकजी डेंगळे. गंगाधरशास्त्र्याच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. सप्टेंबर १८१६ मध्ये तो तिथून निसटला. पहाऱ्यावर गोरे शिपाई. एक मोतद्दार घोड्याचं काम करता करता मराठीत गाणं म्हणायचा आणि गाण्यातून निरोप द्यायचा, असं सांगतात. गोऱ्यांना त्यातलं काय कळणार! आज त्या किल्ल्यात कारागृह आहे.

आता खरा सवाल. एवढ्या उलथापालथीत गावकुसाबाहेर काय बदललं?

'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतली आपली गत लिहून ठेवलीय. थुंकायला गळ्यात मडकं. पाऊल पुसायला कमरेला झाडू. हे सगळं कुणाच्या पेशवाईत? नारायणरावाच्या की रघुनाथरावाच्या? नानाच्या की बाजीरावाच्या? असा प्रश्न पडत नाही, यातच उत्तर आलं. वाड्याच्या आत माणसं बदलत होती. वाड्याबाहेरचा कायदा तोच होता.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावात कंपनीच्या पलटणीतले महार शिपाई बाजीरावाच्या फौजेशी लढले. त्यांची नावं स्तंभावर आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. आपणही जातो, जायलाच पाहिजे. ज्यांना माणूस मानलं नाही त्यांनी आपला पराक्रम दाखवला. पण दोस्तहो, पुढचं पानही वाचा. बाजीराव वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला आणि १८५१ पर्यंत आरामात जगला. आणि ज्यांनी रक्त सांडलं त्यांच्या नातवंडा-पतवंडांची लष्करभरती त्याच इंग्रजांनी १८९० नंतर बंद केली. काम झालं, आता घरी जा. महाराचं वतनही इंग्रजानं तसंच ठेवलं. येसकराची काठी तीच, वेठ तीच, शिळी भाकर तीच. १८७४ साली तर त्यानं वतनाचा कायदाच केला.

ही साखळी कुणी तोडली? कुठल्या गादीवाल्यानं नव्हे. १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेबांनी महार वतनाचं बिल आणलं. सभा झाल्या, भांडणं झाली, आपल्यातल्याच काही लोकांना वतन सोडवेना. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांत आपण कुणाचे गारदी नव्हतो. आपली मागणी आपल्या तोंडात होती. लढा लांबला, पण मिळालं ते आपलं राहिलं.

रिपब्लिकन पक्ष १९५७ साली निघाला आणि थोड्याच वर्षांत गटागटांत फुटला. पँथर १९७२ साली निघाली, दोन वर्षांत तिचीही फूट. प्रत्येक गटाला एक गादी, प्रत्येक गादीला एक पेशवा, आणि प्रत्येक पेशव्याभोवती आपली तरणी पोरं. निवडणूक आली की वाड्यावाड्यांतून निरोप येतात. गाडी, झेंडा, रात्रीचं जेवण. पोरगं जातं. मारामारी करतं, केस अंगावर घेतं. नेता तह करून मोकळा होतो. पोरगं तारखांना कोर्टात उभं असतं.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती माणसाला हुकूमशाहीकडे नेते. ते इतरांना होतं, तसं आपल्यालाही होतं.

म्हणून माझं एवढंच म्हणणं. कुणी बोलवायला आलं तर आधी विचारा: तुमच्या गादीचं जाऊ द्या, आमच्या मागणीचं काय? वस्तीच्या पाण्याचं काय, ठेकेदारीवरच्या कामगाराचं काय, शिष्यवृत्तीचं काय? ते कागदावर लिहून मागा. उत्तर नसेल तर घरी बसा, पुस्तक वाचा, दहा पोरं जमवून स्वतःची सभा घ्या. गारद्याला पगार मिळाला असेल, पण राज्य त्याला कधीच मिळालं नाही.