सत्याग्रही पाहिजेत!

स्वयंसेवक मिळवावयाचे तर काम सोपे व मानाचे करून सांगावे, असा आपल्याकडील रिवाज. १९४० साली वर्ध्यानजीकच्या सेवाग्रामाहून युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहासाठी जी मागणी निघाली, तिची तऱ्हा निराळी. नित्य सूत कातावे, खादी वापरावी, अस्पृश्यता मानू नये, नाव गांधीजींच्या पसंतीस उतरावे. आणि फळ काय, तर तुरुंग! पहिले सत्याग्रही विनोबा. १७ ऑक्टोबरला ते पवनार येथे बोलले. त्यांची ओळख करून देताना गांधीजींनी संस्कृत व्यासंगाच्या जोडीला पायखानेसफाई, स्वयंपाक व टकळी हीही सांगितली. आमच्या मते खरी जाहिरात हीच. येणाऱ्यास आपले काम तीत स्पष्ट दिसले. १९४१ च्या मध्यापर्यंत २०,००० हून अधिक माणसे तुरुंगात गेली. ती सारी नित्य कातणारी होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.