माथ्यावर अडकलेली फुलपाखरं

इतिहास म्हटला की आपल्याला उदगीरचा किल्ला आणि लढाई आठवते. आज मात्र फुलपाखरांचा इतिहास ऐकू या.

निलगिरीच्या गवताळ माथ्यांवर काळ्या काठाचं एक पिवळं फुलपाखरू उडतं. त्याचं नाव कोलियास निलगिरीएन्सिस. त्याची भावकी राहते थेट हिमालयात! लाल-काळं इंडियन रेड अ‍ॅडमिरलही हिमालयात आहे, निलगिरीत आहे. मधल्या उष्ण पठारावर मात्र सहसा दिसत नाही. मग एवढ्या लांबची सोयरीक जुळली कशी?

याचं उत्तर जुन्या हवामानात असावं, असं मानतात. डोंगर चढताना दर हजार मीटरला गारवा साधारण सहा अंशांनी वाढतो. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. तेव्हा थंडीत जगणारे जीव खाली उतरले, दूरवर पसरले. पुढं हवा तापली, तसे ते वर चढले आणि आपापल्या माथ्यावर अडकले. गेल्या २५ लाख वर्षांत असं कितीतरी वेळा घडलं. दोन घरांचं येणं-जाणं तुटलं की चालीरीती बदलतात ना? तसंच पिढ्यानपिढ्या रंग-रूप बदलत गेलं आणि वेगळ्या जाती झाल्या.

डार्विननं १८५९ च्या ग्रंथात पर्वतावरच्या जिवांबद्दल असाच विचार मांडला होता. निलगिरीच्या दलदलीत हजारो वर्षांचा पालापाचोळा थरांनी साचलाय. १९९३ साली रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. हवा कधी कोरडी होती, गवत कधी वाढलं, कधी हटलं, याची नोंद त्यात मिळाली.

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, तर निलगिरीचं दोड्डबेट्टा २,६३७ मीटर. थंडीतल्या किड्यांना दक्षिणेत आसरा आहे तो अशाच मोजक्या माथ्यांवर. पूर्वी हवा बदलायला हजारो वर्षं लागत. आता दीडशे वर्षांतच पृथ्वी एक अंशाहून जास्त तापली. खालचा किडा वर सरकेल. माथ्यावरचा कुठं जाणार? त्यातच तिथल्या गवताळ जमिनी पडीक समजून त्यांवर निलगिरी आणि वॅटलची झाडं लावली गेली.

आपल्या देवणी गाईंचं माळरानही असंच पडीक समजलं जातं. बायांनो, ग्रामसभेत माळावर झाडं लावायचा विषय निघाला, तर आधी एवढं विचारा: या गवतावर कोण कोण जगतं?